सरळ पाठीची खुर्ची

३ डिसेंबर २०२३, रविवार. औसा.
सामान लागलं एकदाचं. भोकरहून बदली होऊन आलो त्याला आज आठ दिवस. घरमालक रेवणप्पांचं घर झकास आहे. दोन खोल्या, मागे फरशीचं अंगण, अंगणात दुपारपर्यंत ऊन. रंधा, करवत, पटाशी, गुण्या, सगळं ओळीने मांडून ठेवलं. रेवणप्पांच्या घरच्या नीलाबाई चहा घेऊन आल्या आणि हत्यारं बघून विचारायला लागल्या की मोजणी खात्यात हे सगळं लागतं का हो भाऊ. म्हणालो, सहा दिवस लोकांची रानं मोजतो, रविवारी माझं लाकूड.
सुतारकी मला कोणी शिकवलेली नाही. शिलाई मशीनच्या पायांचं टेबल, गाडीच्या चाकाचा दिवाण, जुन्या दाराचं कपाट, सगळं टाकाऊतून आणि माझ्या डोक्याने. एकाही वस्तूचा सांधा आजवर हललेला नाही.
पंधरा दिवसांनी माय येणार. आठ वर्षं झाली, तिचे गुडघे वाकत नाहीत. पाठीला बाक इतका की चालताना फक्त जमीन दिसते. बाजारची कुठलीच खुर्ची तिला सोसत नाही. तिच्या मापाची मीच करणार.

१० डिसेंबर
सापडलं! गल्लीच्या टोकाला रेवणप्पांच्या समाजाच्या सामानाची खोली आहे, तिची दुरुस्ती चालू आहे. बाहेर भिंतीला मोडके पत्रे, वासे, आणि त्यांच्याच शेजारी एक सागवानी आसन. फळी दीड फूट बाय पावणेदोन, पाठ सव्वातीन फूट, बाजूंना लोखंडी कड्या, पाठीला वर डोक्याच्या उंचीवर दोन भोकं. एकही खिळा नाही. सुतार पक्का होता, पण पाठ ठेवली काटकोनात. अशा ताठ पाठीला टेकून कोणता माणूस बसेल?
कामावरचे लोक जेवायला गेले होते. भंगारात विचारायचं काय? खांद्यावर टाकलं नि आणलं. सागाच्या मानाने फारच हलकं निघालं.

१७ डिसेंबर
झाली. कड्या काढल्या, दोन्ही भोकांत लाकडी खुंट्या ठोकल्या, हात बसवले, खाली मशीनचे लोखंडी पाय. पाठ मागे कलती केली, नेमकी शंभर अंश, कोनमापकाने तीनदा तपासली. रेगमाल, जवसाचं तेल, मायच्या जुन्या लुगड्याची गादी. नीलाबाई म्हणाल्या, शोरूममधली वाटती बगा भाऊ.

१९ डिसेंबर
माय आली. चहाच्या आधी खुर्चीत बसवली. खुर्चीच्या हातांवरून तळवे फिरवले. मग म्हणाली, नरसिंगा, कुणीतरी पाठीला हात लावून धरल्यावानी वाटून राहिलं रे.
पंचवीस वर्षांच्या कामाला अशी दाद मिळाली नव्हती.

२४ डिसेंबर
मायचं डोकं आणि खुर्चीची पाठ, यांच्यातलं अंतर पहिल्या दिवशी सात इंच होतं. आज साडेतीन. देगलूरच्या बहिणीला फोटो पाठवला. तिला खरं वाटेना. डॉक्टरला जमलं नाही ते तुझ्या खुर्चीला कसं जमलं म्हणाली. मी म्हणालो, माप.
एक बारीकशी गोष्ट. पाठीचा कोन सत्त्याण्णव भरला. थंडीत लाकूड आखडतं. पाचर मारून पुन्हा शंभर केला.

३१ डिसेंबर
अंतर अर्धा इंच. माय आता माझ्या डोळ्यांत बघून बोलते. पण खुर्चीतून उठायचं नाव नाही. भाकरी अर्ध्यावर आली. रागावलो तर हसून म्हणते, आता उठून कुठं जायचंय मला?
कोन त्र्याण्णव. पाचर जागच्या जागी आहे. सांधे घट्ट आहेत. मला कळत नाही.

४ जानेवारी
दुपारी मोजणीहून लवकर आलो. माय खुर्चीत मांडी घालून बसलेली.
मांडी. आठ वर्षांनी. मी टाळीच वाजवली. जवळ जाऊन गुडघ्यांना हात लावला तर थंड, फरशीसारखे. दोन्ही हात मांडीवर नीट ठेवलेले. बऱ्याच वेळाने म्हणाली की आता दुखत नाही, कुठंच दुखत नाही.
अंतर शून्य. कोन नव्वद. दोन्ही खुंट्या खाली पडलेल्या. मी त्या ठोकून बसवल्या होत्या. हाताने निघणाऱ्या नव्हत्या.

७ जानेवारी
मायला उचलून बाजेवर ठेवलं. मांडी सुटत नाही. बाजेवरही बसूनच राहिली, आणि लहान लेकरासारखी रडायला लागली, मला तिथंच ठिव म्हणून. घोटभर पाणीही घेईना.
ठेवलं परत. मीच ठेवलं.

९ जानेवारी
रेवणप्पा येळवशीचं, म्हणजे परवाच्या अमावास्येच्या सणाचं आवतण द्यायला आले, मायला घेऊन आमच्या रानात जेवायला या म्हणाले. आमच्या भोकरकडे हा सण नाही. बोलता बोलता त्यांची नजर खुर्चीकडे गेली, त्या दोन भोकांकडे. उंबऱ्यातच थांबले. डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.
म्हणाले, साहेब, आमच्यात मेलेलं माणूस झोपवून नेत न्हाईत, बसवून नेतेत. ही ती हाय. त्या भोकातून पट्टी ओवायची, कपाळाला बांधायची, म्हंजी मान पडत न्हाई. माझा बाप ह्यातच बसून गेला. आता स्टीलची नवी आणली, हिला ह्या अमावास्येला मातीत ठिवायची म्हणून बाहेर काढली होती. कुणी गेल्याबिगर आम्ही हिला उंबऱ्याच्या आत घेत न्हाई. घरात आली की रिकामी जात न्हाई, साहेब.
मग हळूच म्हणाले, इचारायचं तरी. गल्लीत कुणालाबी.
आमच्यात मेलेला माणूस आडवा जातो. तिरडी असती तर मी लांबूनच ओळखली असती. बसायची वस्तू दिसली, मी खुर्ची केली. आयुष्यात कुणाला काही विचारलं नाही, ह्याचाच तोरा.

१० जानेवारी
करवत लावली. दात गेले, लाकडावर ओरखडा नाही.
मायला बाजेवर ठेवून रिकामी खुर्ची बाहेर न्यायला गेलो. हलत नाही. रेवणप्पा आणि मी, दोघांनी जोर लावला. तसूभरही नाही.
माय परत बसली. मी नुसता हात लावला —
एका हाताने उचलली गेली. मायसकट. फुलासारखी. लगेच खाली ठेवली.

११ जानेवारी. येळवस
गल्ली रिकामी. सगळे रानात. रेवणप्पा पूजा आटोपून खुर्ची न्यायला माणसं घेऊन येतो म्हणालेत. चार वाजतील. आत्ता बारा.

मायची मान पडून राहिली. मी हाताने धरली. बघतो तर लुगड्याची पट्टी भोकांतून ओवलेली — माझ्याच बोटांत तिचं टोक —

श्वास मोजले. मिनिटाला पाच. मग चार. चार वाजेपर्यंत —

रिकामी जात नाही.

मायला बाजेवर टेकवलं. मी खुर्चीत बसलो. मांडीवर वही.

माय कण्हली! म्हणते, गुडघे लई दुखून राहिलेत रे नरसिंगा. दुखतात! पाय सरळ झाले. पाठीला बाक आला, माझ्या मायचा बाक —

माझं डोकं आणि पाठ, अंतर तीन इंच. दोन —

माय विचारते, मांडी कशाला घातलीस. मी घातली नाही —

दुखत नाही. कुठंच —

माय बाजेवरून उतरायला बघते. हात लावू नको म्हणालो. रेवणप्पांना सांग, माणसं जास्त नको, दोघं पुरेत. अगदी हलकी ला —