दहा गोळ्यांची रायफल

४ जानेवारी

चि. धाकटोबास,
ताईचे अ. आ.

तुझी लेक माझ्याकडे मजेत आहे. तू विचारलं नाहीस, तरी कळवते.

मार्चअखेर इथल्या रायफल क्लबात नवशिक्यांची निवड आहे, आणि टिल्लीला काहीही करून त्यात यायचंय. निवड होईतो क्लबवाले आत पाऊल टाकू देत नाहीत. म्हणजे रायफल आपली आणि सराव माझ्या परसात.

अडचण अंगठ्याची. तुझ्या दुकानाच्या शटरखाली सापडल्यापासून तो वळत नाही. चाप ओढता येतो, पण ती मसुरीएवढी गोळी चिमटीत धरून नळीत बसवणं जमत नाही. दर गोळीला रडकुंडीला येते. तेव्हा एकदाच भरली की दहा गोळ्या चालतात, तसली मल्टिशॉट एअर रायफल घ्यावी म्हणते. माझ्या पेन्शनीत बसेल अशी सुचव. पोरीने दुकानात बसावं म्हणून तू केलेला थयथयाट मी विसरलेली नाही. पण जन्मभर याच बंदुका दुरुस्त केल्यास, तर निदान कारागीर म्हणून उत्तर दे.

लोभ आहेच, वाढावा असं वाटत असेल तर लवकर लिही.

तुझी ताई

१५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून बरं वाटलं. पोरीने माझ्याशी अबोला धरलाय, तू तरी शिव्या घालतेस.

हवेच्या टाकीवर चालणारी रायफल उत्तम, पण तिला पंप लागतो आणि तुझी पेन्शन पंपातच संपेल. स्प्रिंगची घे. तीत दर वेळी नळी खाली दुमडून दाब भरावा लागतो. दहा गोळ्यांचं मॅगझिन फक्त पुढची गोळी आणून ठेवतं. टिल्लीचं तेवढ्याने भागेल. मॅगझिन प्लॅस्टिकचं असतं, फुटतं. जास्तीचं एक घेऊन ठेव. सोबत दुर्बीण फुकट देतील, ती कपाटात टाक. वजन तिच्या खांद्यावर तोलून पाहा. निवड अगदी योग्य केलीस.

तिला सांग, तिच्या बाबाने लक्ष घालून लिहिलंय.

तुझा धाकटोबा

२० फेब्रुवारी

चि. धाकटोबास,
अ. आ.

रायफल आणली. दुकानदाराने मला तीनदा विचारलं, आजी, माकडं हाकलायला का. चौथ्यांदा विचारलं तेव्हा मी म्हटलं, हो, एक समोरच उभं आहे. मग मुकाट्याने वजन तोलू दिलं.

तू लिहिलंस तसंच निघालं, दुर्बिणीसकट. परसातल्या जाड फळीवर कागद लावून टिल्ली रोज सराव करते. अंगठ्याला काम नाही, म्हणून हात स्थिर राहतो. काल दहाच्या दहा गोळ्या काळ्या वर्तुळात गेल्या. बाबांना कळव म्हणाली. अबोला सुटला असं समज आणि उगाच शेफारू नकोस.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

ताई

२८ मार्च

चि. धाकटोबास,

काल निवड झाली. टिल्लीची नाही. तिला एक गोळीसुद्धा झाडू दिली नाही.

पंचांनी मॅगझिन पाहिलं आणि रायफल बाजूला ठेवायला सांगितली. दर गोळी हाताने भरायची, हा नियम. मल्टिशॉट चालत नाही. मी त्यांच्याशी भांडले. ते शांतपणे म्हणाले, बाई, नियम सगळीकडे हाच आहे, कुठल्याही बंदूक दुरुस्त करणाऱ्याला विचारा.

घरी येताना टिल्लीने विचारलं, बाबांना माहीत असेल का गं, आत्या. मी म्हटलं, विसरला असेल. आता तू मला खरं लिही.

ताई

६ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खोटं लिहीत नाही. माहीत होतं. तू किंमत विचारलीस, अंगठ्याचं विचारलंस. नियम विचारला नाहीस. विचारला असतास तर सांगितला असता.

नाही म्हटलं असतं तर ती आणखी दूर गेली असती. तिची आई गेल्यापासून दुकानात मी एकटा आहे. गल्ल्यामागची खुर्ची रिकामीच ठेवलीय. राग मानू नये.

धाकटोबा

१३ एप्रिल

धाकट्या,

आशीर्वाद लिहायला हात उचलत नाही.

कॉन्व्हेंटच्या शाळेत सिस्टर आम्हाला बजावत, प्रश्न पूर्ण विचारा. भावालाही उलटतपासणी घेऊन विचारायचं असतं, हे शिकवायचं राहून गेलं. रायफल मात्र तू मनापासून निवडलीस. त्यात एक खोट काढता येत नाही, याचीच मला शिसारी येते.

तुझं पत्र मी टिल्लीला दाखवलं नाही. दाखवलं असतं तर रायफल सुटलीच होती, बापही सुटला असता. तिला अजून वाटतंय, तू विसरलास. गेले चार दिवस म्हणतेय, बाबांनी किती जीव लावून लिहिलं होतं गं, आता मनाला लावून घेतलं असेल, त्यांना एकटं ठेवायला नको. आज कपडे भरून झाले. दुकानात बसेन म्हणतेय.

सोमवारच्या गाडीने पोचेल. तुझी समजूत काढायला येतेय ती. काढून घे.

ताई