भट्टीचा बाक

चाळीसगाव, रविवार, संध्याकाळ

साहेबांना फोनवर हो म्हणालो आणि तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही.

रिफायनरीत उद्यापासून जास्त आम्लाचं कच्चं तेल वाढवणार, स्वस्त पडतं म्हणून. भट्टीतून निघणाऱ्या पाइपाचा बाक, म्हणजे ते वळण, दुरुस्तीच्या शटडाउनपर्यंत टिकेल ना, एवढंच त्यांनी विचारलं. जाडी मीच मोजली होती. मर्यादेत आहे, पण ती मर्यादा जुन्या तेलाची. नव्यात किती झिजेल? गंज दिसला तरी असता. हे आम्ल तापलेलं पोलाद आतून चाटून गुळगुळीत करून ठेवतं. नाही म्हटलं असतं तर प्लांट माझ्यामुळे अडला, हे वर्षभर ऐकायचं. म्हणून हो म्हणालो?

मामांचा पवन रोज त्याच बाकाखालून फिरतो. ती नोकरीही मीच लावून दिलेली.

उद्या निघायचं म्हणून मामींनी आत्ताच कैरीच्या लोणच्याची बरणी आणून ठेवली. पत्र्याच्या झाकणाखाली प्लास्टिकचा कागद.

"हाई पवनले दे, बापू. कागद काढू नको, खटाई झाकण खाई टाकस." मग त्याच्या कामाचं विचारलं, "त्यानं काम धोकानं नै ना?"

"नाही मामी," म्हणालो.

झाकणाला निदान कागद तरी आहे. बाकाला काय आहे?

साहेबांना परत तीनदा फोन लावला, उचलत नाहीत. मग पवनला लावला, त्या बाकाखाली थांबू नकोस एवढं तरी सांगावं म्हणून. त्यानं पहिल्याच रिंगला उचलला.

"दादा, आईचं लोणचं आणतोयस ना?"

हो म्हणालो.