वळणावरून ऐकू येण्याइतपत

३ फेब्रुवारी, मंगळवार
सायलेन्सर सडला! खाली भोक — बोट जाईल एवढं. मेकॅनिक म्हणाला, "ताई, ठिगळ लावायला आता पत्राच उरला नाही." खालच्या मजल्यावरच्या मावशी तर दोन महिने विचारताहेत, "गाडी आहे की गिरणी?" खरंच आहे. दिवसभर ग्रंथालयात लोकांना गप्प बसवायचं, आणि संध्याकाळी स्वतः गल्ली दणाणून सोडायची!
बाबांची मोटरसायकल जुनी. कंपनीचा सायलेन्सर आता मिळत नाही. बाहेरचाच शोधायला हवा.

५ फेब्रुवारी, गुरुवार
दुकानात तासभर. एक आखूड, तोफेसारखा. एक लांब, टोकाला निमुळता. दुकानदाराचं प्रत्येकाला एकच — "फायरिंग जबरदस्त!" मला जबरदस्त आवाज नको होता. लांबडा घेतला. त्याच्या आत भोकं पाडलेली नळी असते, बॅफल म्हणतात. ती बदलता येते. नळी जितकी अरुंद, तितका आवाज कमी. सगळ्यांत अरुंद घेतली.

७ फेब्रुवारी, शनिवार
बसवला. गाडी मांजरासारखी घुरघुरते. मावशी खिडकीतून — "गाडी विकलीस का गं?" मी खूश.
जिना चढले तर दार बंद.
असं कधीच होत नाही. बाबांना दिसेनासं होऊन तीन वर्षं झाली, पण गाडी वळणावर आली की ते कडी काढून उभे. "आलीस?" आज बेल वाजवली. दुसऱ्या बेलला आतून — "कोण?"
मला. कोण!
"मी" म्हणून दोनदा सांगावं लागलं. बाबाच ओशाळले. "डोळे गेले, कान शाबूत आहेत हो माझे! तुझी गाडीच मुकी झालीये." हसले. मीही हसले. जेवण दोघांनाही गेलं नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार
मधली नळी बसवली. मेकॅनिक — "परवाच तर आवाज नको होता ना, ताई?" कारण सांगितलं. मान खाली घालून स्क्रू पिळत राहिला. पैसे घेईना. जबरदस्तीनं दिले.
संध्याकाळी पुन्हा "कोण?"
हा खटाटोप नक्की कुणासाठी? बाबांना ओळखता यावं म्हणून, की मला कुणी ओळखावं म्हणून? पंचेचाळिशी आली, तरी दारात कुणीतरी उभं हवंच! आणि त्यासाठी मावशींच्या कानांचं काय? उत्तर लिहायला लाज वाटते. दोन्ही.

११ फेब्रुवारी, बुधवार
सगळ्यांत रुंद नळी. आधी मावशींकडे जाऊन सगळं सांगितलं. "अगं, मग तोंडाला कुलूप होतं का इतके दिवस? चालव तुझी गिरणी!"
दार मात्र बंदच.

१२ फेब्रुवारी, गुरुवार
दार उघडं!! बाबा उभे. मी खांद्यावर हात ठेवला. "आलीस?"
त्यांनी खुर्ची दाराशी ओढून घेतलीये. तिथं वारा लागतो म्हणे.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार
उघडं.

१४ फेब्रुवारी, शनिवार
उघडं! "आता कशी माझी गाडी वाटते," बाबा म्हणाले. "लाखात ओळखीन."

१७ फेब्रुवारी, मंगळवार
नळीचा स्क्रू ढिला झाला म्हणून गाडी मेकॅनिककडेच ठेवली. चालत आले.
दार उघडं. बाबा कडीवर हात ठेवून उभे — कधीपासून, कोण जाणे. खांद्याला हात लावला तर दचकले.
"आलीस? आज वळणावरूनच ऐकू आली बघ. काय फायरिंग जमलंय!"
सायलेन्सरचं भोक वाढत गेलं आणि त्यांचे कान मिटत गेले. दोन्ही बरोबरीनं. मला पत्ताच नाही.
कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं म्हटलं, "हो बाबा. जमलंय."