शेगडी-समिती

३ मे १९७१, सोमवार

झाली, समिती झाली! घरात शेगडी कुठली आणायची यावर. अध्यक्ष मामंजी, म्हणजे माझे सासरे सहादेवबाबा, सोसायटीचे चेअरमन. चिटणीस आमचे 'हे' — सोसायटीत तेच, घरातही तेच. सदस्य धाकटे दीर गहिनीनाथ भाऊजी. ते संगमनेरच्या कॉलेजात सायन्सला आहेत, म्हणून तांत्रिक बाजू त्यांच्याकडे. आणि निमंत्रित म्हणून बन्सीभाऊ, कारण ते रोज आमच्याकडे चहाला असतातच. चौघांपैकी एकानेही आजवर भाकरी भाजलेली नाही. साधं आधणाचं पातेलं उतरवलेलंही माझ्या पाहण्यात नाही.

शनिवारी गावातल्या कन्याशाळेचं पत्र आलं. शिक्षिकेची जागा — मला. १४ जूनला सकाळी साडेसातला हजर व्हायचं. लग्नाआधी नगरला पीटीसी केलं त्याला सहा वर्षं झाली. सर्टिफिकेट ट्रंकेत, लुगड्यांच्या घडीखाली. पत्र वाचून तेही बाहेर काढून पाहिलं.

मामंजी नाही म्हणाले नाहीत. "जाऊ द्या की. पन सातच्या आत समदा सैपाक उरकून मोकळी झाली तर. आपली मानसं उपाशी ठिवून लोकांच्या पोरी शिकवायच्या न्हाईत." दहा जूनपर्यंत हेडबाईंना होय की नाही कळवायचं आहे. घरची पाच आणि दोन सालगडी, एवढ्यांचं करून चुलीपासून मी नऊशिवाय सुटत नाही. म्हणून मीच हळूच म्हणाले, एखादा स्टो मिळाला तर बरं होईल. त्या एका स्टोची ही समिती.

४ मे, मंगळवार

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आत्याबाईंना, विचारलं, तुम्हाला कुठली शेगडी बरी वाटते? म्हणाल्या, "मला कोन इचारतंय?" आणि तांदूळ पाखडत बसल्या. पन्नास वर्षं या घरात रांधणारी बाई!

७ मे, शुक्रवार

पहिली बैठक. ह्यांनी वहीत चक्क 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम केले' असं लिहिलं. मागील सभा झालीच नव्हती.

पंपाचा स्टो — बन्सीभाऊंचा विरोध. त्यांच्या मेहुण्याच्या शेजाऱ्याच्या घरात भडका उडाला होता. वातीचा स्टो — रॉकेलला रांग लावायला कोण जाणार? यावर प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखवलं आणि तो स्टो आपोआप नामंजूर झाला. गोबरगॅस — गहिनीनाथ भाऊजींनी खडूने जमिनीवर टाकी काढली, फार सुरेख काढली, पण ती नेमकी जनावरांच्या गोठ्यावर आली. सिलेंडरचा गॅस — नगरला नंबर लावावा लागतो. नंबर कधी लागेल ते नगरलाही माहीत नाही. उरली विजेची शेगडी. तिचा अभ्यास करायचं ठरलं. सूचक बन्सीभाऊ, अनुमोदक भाऊजी.

बैठकीला पाच वेळा चहा झाला. तो चुलीवर मीच केला.

९ मे, रविवार

आज एक उद्योग केला. कप मोजले. सकाळी सहा ते नऊ — सत्तावीस.

सोसायटीचं कर्ज, पाटपाण्याची पाळी, उसाची तोड, कोणाचं काहीही असो, माणूस आधी मामंजींकडे येतो. आला की आतून चहा जायला हवा. भाकरी तव्यावर असते. तवा उतरव, पातेलं चढव. चहा झाला की पातेलं उतरव, तवा चढव, तोवर तवा निवलेला. पुन्हा पीठ मळून घेते तर बाहेरून "आनि दोन कप!" कप घेऊन बैठकीच्या उंबऱ्यापर्यंत जायचं, बशी वाजवायची, मग आतून कोणीतरी हात पुढे करतो. सुनांनी पुरुषमाणसांच्या बैठकीत पाऊल टाकायचं नाही. ही या घराची रीत. मामंजींना तिचा मोठा अभिमान.

म्हणजे नऊ वाजतात ते भाकरीमुळे नाही, चहामुळे! हे मी समितीला कसं सांगू? बैठकीत जाता येत नाही.

आत्याबाई जवळच होत्या. म्हणाल्या, "काय मोजतीस?" म्हटलं, कप. "किती झालं?" सत्तावीस. "हं," म्हणाल्या. आणि रिकामे कप विसळायला घेतले.

१२ मे, बुधवार

अभ्यास-दौरा. चौघेही पहाटेच्या एस.टी.ने नगरला गेले. इस्त्रीचे कपडे. बन्सीभाऊंनी नवी टोपी काढली. दशम्या मी पहाटे करून दिल्या, चुलीवर.

आज सकाळी बाहेर कोणीच नव्हतं. चहा आमच्या दोघींचा फक्त. सातला दहा कमी असताना सगळा स्वयंपाक झाला. दोनदा घड्याळ पाहिलं. मग हातपाय धुऊन उगीचच दारात उभी राहिले, शाळेच्या वाटेकडे बघत.

१३ मे, गुरुवार

दौऱ्याचा अहवाल. मिसळ उत्तम होती. दुकानदार सभ्य होता. बन्सीभाऊंची चप्पल तुटली. शेगडीबद्दल — 'पाहिली, समाधान वाटले.'

२० मे, गुरुवार

विजेची शेगडी सर्वानुमते मंजूर. दोन तारांची, पांढऱ्या एनॅमलची. ह्यांनी मला चित्राचा कागद दाखवला. शेगडीशेजारी एक बाई केकसारखं काहीतरी धरून हसत उभी आहे. मी विचारलं, अहो, भाकरी कशावर फुगवायची? तव्यावर अर्धी भाजली की आम्ही ती चुलीच्या तोंडाशी निखाऱ्याला लावतो. इथे तर नुसती तापलेली तार.

ह्यांनी कागद उलटून पाहिला. मग म्हणाले, "हा मुद्दा बैठकीत आला नाही."

कसा येणार? मुद्दा स्वयंपाकघरात होता.

मग मीच विचार केला. शेगडीवर न का फुगेना भाकरी. भाकरी चुलीवर आणि चहा शेगडीवर, दोन्ही एकाच वेळी चाललं तर सात काय, पावणेसातला उरकेल. चुलीशेजारचा कोनाडा सारवून ठेवला. शेगडी तिथे बसेल अगदी.

१ जून, मंगळवार

शेगडी आली. आणि सगळं मुसळ केरात!

वायरमन आला, कानिफनाथ म्हणून. शेगडीला साधा दिव्याचा पॉइंट चालत नाही, जाड वायरीचा वेगळा लागतो. आधी स्वयंपाकघर पाहिलं, मग आत्याबाईंनी त्याला मागच्या अंगणात पाणी दिलं, मग पुन्हा येऊन भिंतीवर ठोकून पाहिलं आणि मान हलवली. म्हणाला, "चेअरमनसाहेब, हितं न्हाई जमायचं. भित कच्ची हाय. इथवर लोड वडायचा न्हाई. मीटरपाशीच पाइंट काढाया लागंल."

मीटर बैठकीत आहे. मामंजींच्या खुर्चीच्या वर.

भाऊजींना विचारलं तर त्यांनी "विद्युतरोध" वगैरे काहीतरी सांगितलं आणि वायरमनला दुजोरा दिला. पॉइंट बैठकीत निघाला. शेगडी तिथे तिपाईवर, रेडिओशेजारी. सारवलेला कोनाडा तसाच.

मोरीत जाऊन रडले. धुराने डोळे लाल होतात तसे झाले असतील, कोणी विचारलं नाही. आत्याबाईंनी मात्र पाहिलं. म्हणाल्या, "उगं रडू नको. पिठात पानी जास्ती व्हतं." त्या वेळी फार राग आला त्यांचा.

३ जून, गुरुवार

उद्घाटन. नारळ फुटला. मामंजींनी दोन शब्द सांगितले, पंधरा मिनिटं. बटण दाबलं, तार लाल झाली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग मामंजींनी आत हाक मारली, "मनकर्णा, चहा टाक शेगडीवर."

मी उठले. आत्याबाईंनी माझा हात धरला आणि दाराआडून मोठ्याने म्हणाल्या, "सुना बैठकीत येत न्हाईत. तुमीच रीत घालून दिली. आता गावादेखत मोडू काय?"

चूलही आत्याबाईंनी मघाशीच विझवली होती, इजंची शेगडी आली आता चुलीवर चहा कशापायी म्हणून. बाहेर खुर्ची करकरली. मग मामंजींनी ह्यांना फर्मावलं, "गोरक्षनाथ, पातेलं आन."

समितीने चहा केला! पाणी किती, यावर मतभेद झाले. साखर बन्सीभाऊंनी पसापसा घातली. दूध उतू जाऊन तारेवर पडलं आणि फ्यूज उडाला, रेडिओसकट. मी पदर तोंडात धरून हसले. तरी रात्रीच्या भाकऱ्या थापताना वाटत राहिलं, उद्या हे थकतील आणि परत बशी माझ्याच हातात येईल.

५ जून, शनिवार

आजही चहा बाहेरच. पत्ती कमी, दूध जास्त. पाहुणे कमी थांबले.

८ जून, मंगळवार

मामंजींना छंद लागला. सकाळी सहाला स्वतः पातेलं चढवतात. आलं किसतात — स्वतः! कोणी आलं की कर्जाआधी चहाचं सांगतात. मला उंबऱ्यातून म्हणाले, "तुमचा चहा एका उकळीचा असतो. दोन उकळ्या आल्या पायजेत. शिकून घे." सहा वर्षं, रोज सत्तावीस कप, आणि मी शिकून घेऊ! म्हटलं, होय मामंजी.

भाकऱ्या पावणेसातला झाल्या. काल, परवा, आजही. आत तवा एकदासुद्धा उतरला नाही.

१० जून, गुरुवार

सकाळी सात वाजता हातपाय धुऊन, पदर सारखा करून उंबऱ्याशी उभी राहिले. बशी नव्हती वाजवायला, म्हणून बांगड्या वाजवल्या. म्हटलं, मामंजी, सैपाक झाला. डबे भरले. सात वाजलेत.

बाहेर दहा माणसं होती. मामंजींनी घड्याळ पाहिलं, बन्सीभाऊंनीही पाहिलं. मामंजी म्हणाले, "बघा, शेगडीनं किती सोय झाली. समिती नेमली म्हनून झालं." ह्यांनी ते इतिवृत्तात लिहून घेतलं. दुपारी हेडबाईंना होय कळवलं. माझ्या हाताने लिहिलं, माझ्या सहीने.

१४ जून, सोमवार

पहिला दिवस. शाळेच्या फाटकात वायरमन कानिफनाथ भेटला, मुलीला सोडायला आला होता. मला बघून ओशाळला. म्हणाला, "बाई, रागावू नका. सैपाकघरात बी पाइंट निघत हुता, भित चांगली पक्की हाय. पन म्हाताऱ्या आईनी मागं अंगनात पानी देताना सांगितलं — न्हाई जमत म्हन, अन बैठकीत काढ, मालकाच्या हाताशी. माझ्या पोरीला शिकवाया बाई मिळंल त्यातनं, म्हनल्या."

अकरा वाजता घरी आले. सरळ स्वयंपाकघरात गेले. आत्याबाई चुलीपुढे बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "किती पोरी आल्या?"

एकतीस, म्हटलं.

"हं," म्हणाल्या, आणि माझं ताट वाढायला घेतलं.