व्यायाम न करणारे तरुण हवेत

३ सप्टेंबर, मंगळवार
माझं आयुष्य आज सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी बदललं. वेळ पक्की आहे. झेरॉक्स मशीनच्या पडद्यावर ती दिसते, आणि त्या क्षणी मी मशीनच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून अडकलेला कागद ओढत होतो. दोन्ही हातांनी. येत नव्हता.
ती दुकानात आली. समोरच्या फिजिओथेरपी कॉलेजात शेवटच्या वर्षाला. तिच्या हातात एक कागद: 'संशोधनासाठी व्यायाम न करणारे तरुण हवेत. वय १८ ते २५.' साठ प्रती, पाठपोट. मग तिने मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं आणि म्हणाली, "तू अगदी मला हवा तसा आहेस."
पहिल्या भेटीत इतकं उघड कोण बोलतं?
कागदाच्या मागे बारीक अक्षरं होती. वाचली नाहीत. प्रेमात माणूस मागची बाजू बघत नाही.
मामा (दुकान त्यांचं. मी तात्पुरता. कॉलेज सोडल्यापासून, म्हणजे एक वर्ष सात महिने) म्हणाले, साठातल्या अकरा प्रती वाकड्या आल्यात. येऊ देत.

५ सप्टेंबर
पहिली मोजणी. मूठ आवळायचं एक यंत्र असतं, किती जोर लागला ते किलोत सांगतं. माझा आकडा ३४. तिने पेन्सिलने लिहून घेतला. अक्षर सुंदर.
मग कॉम्प्युटरने दोन गट पाडले. पंधरा जण व्यायाम करणार, पंधरा जण काहीच करणार नाहीत. मी दुसऱ्यात. तिने समजावलं की या गटातल्या कोणी मध्येच व्यायाम सुरू केला तर तुलनाच कोसळते, आणि तिचं वर्ष जातं. आठ आठवडे काही बदलायचं नाही. जसा आहेस तसाच राहा, म्हणाली.
जसा आहेस तसाच राहा! आई मला बावीस वर्षं याच्या बरोबर उलट सांगत आली आहे.

६ सप्टेंबर
रात्रभर विचार केला. ही परीक्षा आहे. बाकीचे चौदा गपचूप बसतील. ३१ ऑक्टोबरला शेवटची मोजणी. त्या दिवशी मी यंत्र आवळीन, आकडा येईल ५०, तिच्या हातातली पेन्सिल खाली पडेल. एका माणसाने अख्खं संशोधन थोडंच बुडतं?
दोन गल्ल्या सोडून जिम आहे. नाव घातलं. कोच कमी बोलतात. कार्डावर माझं नाव लिहिलं, तारखेपुढे एक बरोबरची खूण केली आणि हातात नुसता दांडा दिला. मी विचारलं, वजनं कुठायत. म्हणाले, आधी हे वजन नाही असं मला दाखव.
दाखवता आलं नाही. पण पहिलाच दिवस.
संकल्प: रोज सकाळी सहा. एकही खाडा नाही.

७ सप्टेंबर
केस विंचरता येत नाहीत. हात कानाच्या वर जायला तयार नाहीत. संडासात बसलो ते उठताना बादलीला धरून उठलो. बादली पालथी. आईने बाहेरून विचारलं, कोण पडलं? म्हटलं, प्रगती चालू आहे.
नेटवर वाचलं: स्नायू व्यायामात वाढत नाहीत, विश्रांतीत वाढतात. शास्त्र आहे हे. लगेच झोपलो. झोपेत वाढतोय हे चक्क जाणवत होतं.

१२ सप्टेंबर
विश्रांतीचा सहावा दिवस. भरपूर वाढलो असणार.

१३ सप्टेंबर
जिम. दुसरी खूण. दांड्याला दोन्ही बाजूंना अडीच-अडीच किलो लावून घेतले. ते सगळ्यात छोटे, बशीएवढे. कोच म्हणाले, सहा वेळा उचल, मग चारच श्वास विश्रांती. मी चार वेळा उचलला, सहा श्वास विश्रांती घेतली. बेरीज तीच.
पाच किलोच्या डंबेलची एक जोडी आणली. दाराआड ठेवली. घरच्या घरी.

१७ सप्टेंबर
ती दुकानात आली होती. तीस पानांचं काहीतरी छापायला. मी मुद्दाम बाह्या वर केल्या. तिने विचारलं, नियम पाळतोयस ना? मी गूढ हसलो. तिने परत विचारलं. मी परत गूढ हसलो. मामांनी विचारलं, दात दुखतोय का.
आज जिमला जायचं होतं, पण मन इतकं भरून आलं की शरीरावर ताण देणं बरोबर वाटलं नाही.

२० सप्टेंबर
अफलातून संशोधन सापडलं. नुसतं मनात व्यायाम करत असल्याची नीट कल्पना केली तरी थोडी ताकद वाढते! लोकांनी मोजून पाहिलंय. दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. कागदाच्या रिमांवर आडवा होऊन डोळे मिटले आणि ऐंशी किलो उचलले. बारा वेळा. तीन सेट. घाम सुद्धा आला. (पंखा बंद होता.)
मामांनी उठवलं आणि सहा रिमा माळ्यावर चढवायला सांगितल्या. म्हटलं, मामा, आजचा व्यायाम झालाय, जास्त केला तर इजा होते. मामांनी स्वतःच चढवल्या. वय बावन्न.

२५ सप्टेंबर
आईला माझी डंबेलं सापडली. आधी तिने त्यातलं एक दाराला अडण म्हणून लावलं होतं. आज पाहिलं तर मावशीशी फोनवर बोलता बोलता दुसरं वर-खाली करतेय. मावशी बोलते तासभर. मी हिशेब केला नाही. मन खट्टू होतं.

२८ सप्टेंबर
भांडण.
व्यायामवाल्या गटातला एक जण दुकानात आला. खांदे दरवाज्याएवढे. (मग त्याला व्यायामाच्या गटात घातलंच का? आधीच कमावलेला माणूस!) त्याने सांगितलं, हे तीन आठवड्यांतलं आहे. पाठोपाठ ती आली आणि त्याच्या कुठल्याशा फालतू विनोदावर हसली. माझ्या डोक्यात तिडीक गेली. त्याच्या प्रती मुद्दाम फिक्या काढल्या. मामांनी परत काढायला लावल्या.
तडक जिम गाठली. दांड्याला दोन्हीकडे वीस-वीस किलो. त्याच्या तोंडाचा विचार करून जोर लावला. दांडा जागचा हलला नाही. पाठीत मात्र काहीतरी हललं. कोचांनी वजनं काढली, खूण केली, आणि म्हणाले, "राग वजनात धरत नाहीत."

२९ सप्टेंबर ते ६ ऑक्टोबर
पाठ.

७ ऑक्टोबर
आरशात पाहिलं. शर्ट छातीवर ताठ बसतोय! बटणं ओढली गेलीयत! आई म्हणाली गरम पाण्यात धुतल्याने आटलाय. आईचं शास्त्राचं वाचन नाही.
पण आनंदात असताना एकदम काळजात धस्स झालं. मी असाच वाढत राहिलो तर? माझा आकडा ५० झाला, तर काहीच न करणाऱ्या पंधरा जणांची सरासरी वर जाणार. म्हणजे व्यायामाचा उपयोग नाही असं सिद्ध होणार. तिचं वर्ष जाणार. शिवाय जगभरातल्या जिम बंद पडणार. कोचांचं काय?
मी काय करून बसलो!

९ ऑक्टोबर
निर्णय घेतला. शेवटच्या मोजणीत मुद्दाम कमी जोर लावायचा. ताकद असूनही. तिला कधीच कळणार नाही की एका माणसाने तिच्यासाठी मूठ सैल सोडली.
लिहिताना अक्षर ओलं झालं.

१५ ऑक्टोबर
दोनदा जिम झाली (काल आणि आज, सलग!). कोच म्हणाले, चुकून आलास का. आता मुख्य सराव कमी जोर लावण्याचा. दुकानातल्या मोठ्या स्टेपलरवर करतो. पूर्ण दाबायचा नाही, बरोबर ३४ किलोएवढाच दाबायचा. आज चार जणांच्या फाइली सुट्या झाल्या. संयमाची ही किंमत.

२१ ऑक्टोबर
मधाच्या बाटलीचं झाकण घट्ट बसलं होतं. मी लावला तो अर्धाच जोर, सवय राहावी म्हणून. नाही उघडलं. पूर्ण लावला. बाटलीचा कस बघायला. आईने माझ्या हातातून घेतली, मावशीचा फोन खांद्याला धरून, आणि बोलण्यात खंड न पाडता उघडली.
मी सैल करून दिलं होतं.

२४ ऑक्टोबर
जिम. सहावी खूण. गर्दी होती, सगळे दांडे गुंतलेले. बघत बसलो. बघून शिकतो माणूस.

३० ऑक्टोबर
सातवी खूण. फक्त स्वतःचं वजन करून घेतलं. उद्याचा दिवस मोठा, स्नायू ताजे हवेत. कार्ड मागून घेतलं. आठवण म्हणून छातीशी ठेवणार. म्हातारपणी नातवंडांना दाखवीन: हे बघा, आजीसाठी.

३१ ऑक्टोबर, गुरुवार
सगळं नीट लिहितो, म्हणजे डोकं थंड होईल.
कॉलेजची मोजणीची खोली. एक टेबल, दोन खुर्च्या, यंत्र, तिची पेन्सिल. ठरल्याप्रमाणे सैल धरलं. तेवढ्यात तिने वर पाहिलं आणि म्हणाली, पूर्ण जोर लाव हं. आणि हसली.
मी सगळं विसरलो. तिचं वर्ष, जगातल्या जिम, कोच. डोळे मिटले, दात आवळले, असा जोर लावला की खुर्ची मागे सरकली. म्हटलं, पडू दे पेन्सिल.
डोळे उघडले. ३३.५.
यंत्र बिघडलंय म्हटलं. तिने दुसरं आणलं. ३३.
पेन्सिल कुठेही पडली नाही. उलट तिचा चेहरा उजळला. म्हणाली, दोघे जण गुपचूप पळायला लागले होते, त्यांना काढावं लागलं. तुझा आकडा बघ किती स्वच्छ आहे. सगळे तुझ्यासारखे प्रामाणिक असते तर माझी झोप गेली नसती.
गप्प बसायला हवं होतं. तिचं वर्ष वाचलं होतं. पण प्रामाणिक हा शब्द डोक्यात गेला. बावीस वर्षांचा माणूस आठ आठवडे घाम गाळतो, आणि त्याचं कौतुक काहीच न केल्याबद्दल? मी उभा राहिलो. सांगून टाकलं: मी जिम करतोय, पहिल्या दिवसापासून, तुझ्यासाठी. आणि पुरावा म्हणून खिशातून कार्ड काढून टेबलावर आपटलं.
तिचा चेहरा पांढरा पडला. क्षणभर मला वाटलं, आता रडणार. मग तिने कार्ड जवळ ओढलं आणि पेन्सिलच्या टोकाने एकेक खूण मोजली. दोनदा मोजली. मग फाइलमधून माझी सही असलेला तो पहिल्या दिवशीचा कागद काढला. वाकड्या आलेल्या अकरातला. उलटा केला, आणि मागची बारीक अक्षरं मोठ्याने वाचली.
"आठ आठवड्यांत आठपेक्षा कमी वेळा व्यायाम केल्यास व्यक्ती व्यायाम न करणारी धरली जाईल."
मग म्हणाली, "सात आहेत. घाबरू नकोस, तू बसतोस यात." इतका सुटकेचा श्वास मी कोणाचा ऐकला नाही. माझ्या 'तुझ्यासाठी'बद्दल तिने एवढंच म्हटलं, की तेवढ्यासाठी आठवी खूण तरी करायची होतीस.
मी कार्ड उचललं. यापुढे त्या कॉलेजची एकही प्रत काढणार नाही असं सांगितलं. (उद्या तिचे ऐंशी पानांचे तीन संच आहेत. मामांनी आगाऊ शब्द दिलाय.) ताडताड बाहेर पडलो आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असं दार आपटायचं म्हणून मागे खेचलं.
त्या दाराला वर ते हळू लागायचं यंत्र आहे. एका हाताने येईना. दोन्ही हातांनी धरलं, पाय जिन्याच्या कठड्याला टेकवून ओढलं. आतून ती म्हणाली, राहू दे, ते आपोआप लागतं.
मी सोडलं नाही. ते आपल्या चालीने, सावकाश, आवाज न करता लागलं.