तक्रार क्रमांक सात

१२ जानेवारी, रविवार

केतकी गेली दुपारच्या गाडीने, उज्जैनहून पुण्याला. जाताना ह्यांच्या कॉम्प्युटरमध्ये नवीन ब्राउझर टाकून गेली — ‘ओसरी’ नाव आहे. पुण्यात तिच्या कंपनीतल्या सात-आठ जणांनी मिळून केलाय, आमच्यासारख्या म्हाताऱ्यांसाठी. अक्षरं मोठी, जाहिराती गायब, मराठी पान असेल तर वाचूनही दाखवतो. अजून सगळ्यांसाठी आलेला नाही, बीटा आहे म्हणे. शेजारच्या शर्माबाईंनी विचारलं, "किसका बेटा?" केतकी हसून हसून लाल! ह्यांनी मात्र गंभीरपणे समजावून दिलं — अल्फा, बीटा, गॅमा. छत्तीस वर्षं गणित शिकवलेला माणूस, सोडतोय होय!

साठ जणांना दिलाय. सहा आठवडे वापरायचा आणि बिघडेल ते कळवायचं. कोपऱ्यात ‘तक्रार’ असं बटणच आहे. "मावशी, तक्रारी तुझ्याइतक्या कुणाला कळणार?" — केतकी. खरंच आहे. टेलिफोन ऑफिसात एकोणतीस वर्षं दुसरं केलं काय! लाईन डेड, आवाज येत नाही, घंटी वाजत नाही...

एक मात्र खटकलं. जुन्या ब्राउझरमधलं सगळं ती ह्यात आणत होती — खुणा करून ठेवलेली, आधी पाहिलेली पानं. हे एकदम म्हणाले, "जुनं कशाला? कोरं राहू दे." आवाज चढलेला. तोवर तिचं बटण दाबून झालं होतं. "आलं काका सगळं!" हे उठून गच्चीवर गेले.

भाचीवर कधी आवाज चढवला नव्हता. थंडीचे गुडघे दुखत असतील.

१४ जानेवारी

वाचून दाखवणारी बाई ‘डॉ.’ला ‘डो टिंब’ म्हणते! ह्यांना एवढं हसू आलं की तीळगूळ घशात अडकला. तक्रार क्रमांक एक आणि दोन पाठवल्या. दुसरी छापण्याची — पान अर्धंच निघतं.

खूप दिवसांनी इतके हसले.

१६ जानेवारी

अपडेट आला म्हणे. सगळी बटणं डावीकडची उजवीकडे! तक्रार तीन, चार, पाच आणि सहा. हे अर्धा तास पडद्यापुढे नुसते बसून होते. मग म्हणाले, "मला येत नाही हे." मी म्हटलं, मला तरी कुठे येतंय. त्यांचं समाधान झालं नाही.

१९ जानेवारी, रविवार

ओसरीत मोठी गडबड आहे. ‘आज काय पाहिलं’ अशी यादी निघते, ती सहज उघडली. सकाळी दहा ते बारा — एकच पान सतरा वेळा! ‘दहावी वर्गसमीकरण सराव प्रश्न’. ईरा आणि मधुरासाठी हे शोधतात ते. खालच्या मजल्यावरच्या दोघी, संध्याकाळी पाच वाजता येतात गणिताला. एखादा माणूस तेच पान सतरा वेळा कशाला उघडेल? नक्की ब्राउझर आपला आपण उघडतोय. कालचंही बघितलं, काल नऊ वेळा.

तक्रार क्रमांक सात, व्यवस्थित लिहिली. वेळा टिपल्या, तारखा टिपल्या. ऑफिसात असते तर साहेबांनी शाबासकी दिली असती.

२२ जानेवारी

केतकीचं उत्तर आलं. तसंच्या तसं उतरवून ठेवते.

"मावशी, तक्रारीबरोबर आलेली नोंद आम्ही तिघांनी तपासली. ओसरी आपणहून काही उघडत नाहीये. प्रत्येक वेळी कुणीतरी ते शब्द नव्याने, पूर्ण टाइप केलेत. काका बरे आहेत ना?"

ऑफिसात आमचा एक शेरा ठरलेला असायचा — दोष लाईनमध्ये नाही, ग्राहकाच्या घरी आहे. असा शेरा मारला की तक्रार बंद करायची. किती हजार घरांना असं कळवलं असेन मी. पुढे त्या घरात काय झालं, कधी विचार केला नाही.

"बरे आहेत" एवढंच उत्तर पाठवलं.

२३ जानेवारी

लिहवत नाही.

२६ जानेवारी, रविवार

ईराची आई आली होती. दारातच उभी. किती वेळ पदराशी खेळत होती बिचारी. "आंटी, बुरा मत मानिएगा. सर चार दिन से एक ही सवाल करा रहे हैं. बच्ची बोल नहीं पाती. रोते हुए आती है घर." पुढच्या महिन्यात बोर्डाची परीक्षा पोरींची.

मी म्हटलं, उद्यापासून पाठवू नका. मी सांगते सरांना.

आणि ह्यांना खोटं सांगितलं. दोघींनी फ्रीगंज बाजारात कोचिंग लावलं, म्हटलं. हे म्हणाले, "मला न सांगता?" मी तवा घासत राहिले.

२७ जानेवारी

पाच वाजता फळा पुसून बसले होते. साडेपाचला आपणहून उठले.

३० जानेवारी

आज वाईट काम केलं. हे झोपले होते दुपारचे. केतकीने आणलेली जुनी यादी उघडली. दुसऱ्याचं पत्र फोडण्यासारखंच आहे हे — हात थांबले नाहीत.

मागे मागे जात राहिले. गेल्या वर्षीची दिवाळी. त्याआधीचा पावसाळा. त्याही आधी. पार फेब्रुवारी २०२३ पर्यंत.

‘विद्यार्थ्यांची नावं न आठवणे, कोणत्या वयात सामान्य?’

‘चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे का वाटतात?’

‘स्मृतिभ्रंश किती वर्षांत वाढतो?’

‘स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या पत्नीला काय त्रास होतो?’

‘पत्नीला कसे सांगावे?’

हे शेवटचं सहा वेळा. वेगवेगळ्या महिन्यांत. शुद्धलेखन अचूक, प्रत्येकापुढे प्रश्नचिन्ह. यंत्राला कोण प्रश्नचिन्ह देतं!

दोन वर्षं. मी समोर बसून भाजी निवडत होते, आणि हा माणूस मला सोडून त्या डब्याला विचारत होता.

राग आला. मग रागाचीच लाज वाटली. पदर तोंडात कोंबून रडले, आवाज जाऊ नये म्हणून.

२ फेब्रुवारी, रविवार

बोललो. आज लिहूनच काढते सगळं.

सकाळी पोहे केले, इंदुरी जिरावन मसाला घातला वरून. ह्यांची बशी तशीच. मी म्हटलं, "अहो, मी वाचलं."

"काय?"

"जुनं. तुम्ही जे विचारत होतात ते."

बशी जरा पुढे सरकवली. मग म्हणाले, "म्हणून कोरं हवं होतं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू मला सांगितलंस? पोरींना काढलंस ते? ईराची आई बोलत होती तेव्हा मी आतच होतो. कान शाबूत आहेत माझे."

हेच पुढे म्हणाले — "विनोदिनी, जन्मभर फळ्यापुढे उभा राहिलो. एकदाही असं झालं नाही की उत्तर माहीत नाही. आता खडू हातात घेतो आणि पुढची पायरीच सुचत नाही. पोरी बघत असतात. मग मी पहिल्यापासून सुरू करतो. त्यांना वाटत असेल, सर उजळणी घेतायत."

मी म्हटलं, इंदूरला दाखवू. मोठा डॉक्टर गाठू.

"नको. एकदा नाव दिलं की मी तेवढाच उरेन. अमुक आजाराचा पेशंट. अजून मी श्रीपाद काळेले आहे, तेवढे दिवस तोच राहू दे."

मी हो म्हटलं. चूक केली की बरोबर, कळत नाही. ह्यांच्या तोंडाकडे बघून नाही म्हणवलं नाही.

पोहे दोघांनी गार खाल्ले.

५ फेब्रुवारी

डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. साखर, मीठ, चहा. हे मागे उभे राहून बघत होते. "‘मीठ’मधल्या ‘मी’वर टिंब देऊ नकोस," म्हणाले. दिलं नव्हतंच.

८ फेब्रुवारी

केतकीला सगळं सांगितलं फोनवर. ती रडायला लागली — "मी तो ब्राउझर टाकलाच नसता तर बरं झालं असतं." वेडी! तिला समजावता समजावता माझाच आवाज गेला.

तिने आठवड्याचा प्रश्नांचा फॉर्म पाठवलाय, सगळ्या साठ जणांना जातो तोच. ‘ओसरीमुळे तुमच्या घरात काय बदललं?’ खाली लिहायला दोन ओळींची जागा. मी लिहिलं — छापताना अजून पान अर्धंच निघतं.

विजयाताईचाही फोन. "पुण्याला या दोघं, माझ्याजवळ रहा." माझी थोरली बहीण, केतकीची आई. तिला काय सांगू? ह्यांना उज्जैनच्या गल्ल्या तरी हातापायांना माहीत आहेत. पुण्यात तर पहिल्याच दिवशी परके होतील.

हल्ली एक घाणेरडी सवय लागली आहे. मनातल्या मनात ह्यांच्याबद्दल भूतकाळात बोलते. ‘ह्यांना वांगं आवडायचं.’ अहो, समोर बसून खातायत वांगं!

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी टावर चौकात जाऊन येतो म्हणाले, पेनाची रिफिल आणायला. दहा मिनिटांचा रस्ता. मीच पाठवलं — रोज अडवून तरी कसं चालेल? अकरा वाजले. बारा. चप्पल घालून मी निघतच होते, तोवर दारात रिक्षा.

रिक्षावाला धरून उतरवत होता. "माताजी, सर टावर पर खड़े थे. पाँव उठ ही नहीं रहा था. मैंने पूछा कहाँ जाना है, तो बोले घर. कौन सा घर, ये नहीं बता पाए." ह्यांच्या जुन्या शाळेत शिकलेला निघाला तो, म्हणून ओळखलं. बाजारात विचारत विचारत इथवर आणलं. देव भलं करो त्याचं.

ह्यांची पॅन्ट ओली होती. त्या पोरगेल्या माणसाने स्वतःचा गमछा पुढे धरला होता, कुणाला दिसू नये म्हणून. पाणी तापवलं, कपडे काढून दिले. न्हाणीघराच्या दाराबाहेर उभी राहिले.

आतून आवाज आला — "विनोदिनी."

"काय हो?"

"चल. इंदूरला जाऊ."

बस, एवढंच. आणि बादली ओतल्याचा आवाज.

१७ फेब्रुवारी

केतकी येतेय इंदूरला थेट. रजा काढली. मी म्हटलं, तुझं काम? ओसरी एक मार्चला सगळ्यांसाठी खुली करणार आहेत ना? म्हणाली, "होईल ते माझ्याशिवाय."

ह्यांनी जुन्या यादीतले प्रश्न कागदावर उतरवून घेतले. डॉक्टरांना विचारायला. आता लपवायचं कुणापासून!

२० फेब्रुवारी, गुरुवार. इंदूर

डॉक्टर म्हणजे चाळिशीची बाई. मला वाटलं होतं, विचारतील पंतप्रधान कोण, आज वार कोणता, आणि हे माझ्यासमोर चुकतील. तेही विचारलं. दोन चुकले. मी खिडकीकडे बघत बसले.

पण मग म्हणाल्या, "सर, ज़रा चलकर दिखाइए." भिंतीपर्यंत जा, वळा, परत या. वळायला ह्यांना नऊ पावलं लागली. त्या खाली वाकून पायच बघत होत्या नुसते! मग लघवीचं विचारलं — हे माझ्याकडे बघायला लागले, मीच सांगितलं. हे कधीपासून, ते कधीपासून. ह्यांनी खिशातून कागद काढून दिला. केतकीने हिंदीत सांगितला. पाय चिकटतात ही ओळ आली तसा त्यांनी तो कागद हातात घेतला. फेब्रुवारी २०२३ खाली रेघ मारली.

डोक्याचा फोटो काढला. तो उजेडासमोर धरून बघितला. मग उद्या भरती व्हा म्हणाल्या. पाठीतून पाणी काढून बघू. काय, कशासाठी, माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. पाठीतून पाणी काढण्याइतकं वाढलंय, एवढंच समजले.

हे केतकीला म्हणाले, "तुझ्या मावशीला पुण्याला ने. मी राहीन कुठेतरी." केतकी उठून बाहेर गेली.

मी हात धरला. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, दवाखान्यात दहा माणसांसमोर कधी धरला नव्हता. म्हटलं, मी कुठे जाणार!

२२ फेब्रुवारी, शनिवार. इंदूर

सकाळी पाणी काढलं. तीन तासांनी नर्सने उभं केलं — आणि हे पार वॉर्डच्या टोकापर्यंत चालत गेले. पाय उचलून. वळले, परत आले. मी पलंगाची दांडी धरून बसले होते.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा तुम्हाला वाटत होता तो, बरा न होणारा आजार नाही. डोक्यात पाणी साठत होतं, ऑपरेशन करून त्याला वाट देता येते. चालणं सुधारेल. आठवण किती परत येईल ते सांगता येत नाही, पण येईल थोडी. "दो साल पहले आ जाते तो..." आणि थांबल्या.

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ह्यांच्याकडे.