फोटोखालची लिंक

दि. ९ जून

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुला, म्हणून लिहायला बसले. आई बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण जीभ अजून तरुण आहे. परवा दवाखान्यात येऊन बसली होती. एक गृहस्थ पोपट घेऊन आले, पोपट सारखा खोकतो म्हणून. मी पिसं फुंकून, चोच उघडून तपासतेय, आणि आई त्यांना म्हणते कशी, "औषध तुम्ही घ्या, तो तुमची नक्कल करतोय." आणि खरंच तसं होतं! गृहस्थ दुसऱ्या दिवशी स्वतःच्या डॉक्टरकडे गेले. आईला आता वाटतं, माझी पदवी तिनेच मिळवली.

मागच्या खोलीतली ओल काढून घेतली. पिंजरे नवीन आणले. माझी मदतनीस बाळंतपणाच्या रजेवर गेली, त्यामुळे फोन उचलणं, फरशी पुसणं, इंजेक्शन देणं, सगळं एकहाती चालू आहे.

आता कामाचं. वेबसाइटवरच्या जाहिराती काढून टाक. कडेच्या, खालच्या, लेखांच्या मधे येतात त्या, सगळ्या. 'उपयुक्त लिंक' म्हणून जे पान आहे, तेसुद्धा. प्राण्यांच्या खाण्याची दुकानं, विमेवाले, कुत्र्यांना शिकवणारे, कोणी नको. साइटचा खर्च त्यातून सुटतो हे ठाऊक आहे मला. तो मी बघीन.

का, ते विचारशीलच. एक मांजर दगावलं. पिसवांवर मी तो लेख लिहिला होता ना, त्याच्या शेवटच्या ओळीखाली एक जाहिरात येत होती. 'पिसवांचा नायनाट, मानेवर थोडेसे थेंब.' चित्रात मोठा कुत्रा आणि त्याच्या पायाशी मांजर. औषध मात्र फक्त कुत्र्यांचं. त्यातलं द्रव्य कुत्र्याला मानवतं, मांजराला ते विष आहे. मालकिणीने लिंक दाबली, औषध मागवलं आणि मांजराच्या मानेवर घातलं. माझ्याकडे आणेपर्यंत फार उशीर झाला होता. मालकीण वयस्कर आहेत, एकट्या राहतात. वाईट वाटलं. असो, आमच्या धंद्यात हे चालायचंच.

तेवढं लवकर कर.

आणि हो, आपल्या गणिताच्या बाईंना इतक्यात फोन करू नकोस. त्यांना बरं नाहीये.

तुझी,
ताई


दि. १७ जून

ती. ताईस,
साष्टांग नमस्कार.

तुझं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी जाहिराती काढल्या. लिंकचं पानही गेलं. साइट आता अगदी मुंडण केल्यासारखी दिसते.

एक गोष्ट समजून घे, त्या जाहिराती कोणी माणूस बसून निवडत नाही. पानावर 'पिसवा' शब्द दिसला की यंत्रणा पिसवांचं काहीतरी शोधून आणते आणि चिकटवते. घरात कुत्रा आहे की मांजर, तिला त्याचं काय! तुझा लेख चांगला होता, लोक तो वाचत होते, म्हणून जाहिरातही तिथेच येऊन बसली.

बाईंना फोन करू नको म्हणालीस. मी केला नाही. त्यांनीच केला.

आवाज खोल गेला होता, पण आजारी माणसाचा नव्हता. नमस्कार-चमत्कार काही नाही. विचारलं, "खारू, डॉक्टरच्या पानावरची जाहिरात तू लावलीस?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की मांजर कोणाचं. ताई, तू 'मालकीण वयस्कर आहेत, एकट्या राहतात' असं लिहिलंस. बाबा इस्पितळात होते तेव्हा शाळा सुटली की मी ज्यांच्या घरी जाऊन जेवत होतो, ज्यांच्या टेबलाखाली झोपत होतो, त्या बाईंबद्दल! मला खारू हे नाव कोणी दिलं, तेही विसरलीस?

मी म्हणालो, "हो बाई. मीच."

"ताईला न विचारता?"

मला कळलं, की हे त्यांना तूच सांगितलंस. मी म्हणालो, "हो."

त्या म्हणाल्या, "तुला पहिल्यापासून घाई. उत्तर आधी लिहायचं आणि रीत मागाहून शोधायची." आणि फोन ठेवला. त्यानंतर मी केलेला एकही फोन त्यांनी उचललेला नाही.

ताई, मी तुला विचारलं होतं. आईच्या वाढदिवसाला आलो होतो तेव्हा, स्वयंपाकघरात. तू कांदा चिरत होतीस. मी म्हणालो, जाहिराती आपोआप येतील, कधी काय येईल त्याचा नेम नाही, दवाखान्याच्या साइटवर ते चालेल का, नीट विचार कर. तू मान वर न करता म्हणालीस, "चालेल रे, एवढं कोण बघतंय."

मला भांडायचं नाही. बाईंना मी हे सांगितलं नाही, सांगणारही नाही. पण माझ्या माथी खापर फुटलंय हे मला तुझ्याकडून कळायला हवं होतं, बाईंच्या तोंडून नाही.

बाईंच्या मांजरीचं, मखमलचं, नक्की काय झालं ते लिही. 'चालायचंच' वगैरे नको.

आईला नमस्कार.

तुझा,
खारू


दि. २९ जून

खारू,

आशीर्वाद लिहायला आज हात धजत नाही. थेट सांगते.

रविवारी दुपारी दवाखाना बंद होता. आई वामकुक्षी करत होती. बाई रिक्षातून आल्या, पायात दोन वेगवेगळ्या चपला. मांडीवर मखमल, टॉवेलात गुंडाळलेली. टॉवेल हलत होता. आधी मला वाटलं ती सुटायला धडपडतेय. टेबलावर ठेवली तेव्हा कळलं, की तिचं अंगच थरथरतंय. कान, मिशा, पाठीची कातडी, सगळं आपलं आपण उडत होतं. डोळे टक्क उघडे. मग झटके सुरू झाले.

मानेवरचे केस चिकट होते. मी वास घेतला आणि विचारलं, "बाई, हिला काय लावलंत?"

त्या म्हणाल्या, "तू दिलेलं औषध."

मी कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या साबणाने तिची मान धुतली. झटके थांबवायचं इंजेक्शन दिलं, सलाइन लावलं, गरम पिशव्या ठेवल्या. मदतीला कोणी नव्हतं. बाईच तिचे पाय धरून उभ्या होत्या, आणि मखमलशी बोलत होत्या, तुझ्याकडून पाढे म्हणून घेताना बोलायच्या ना, तशाच आवाजात. "हां, बरोबर. आता पुढचं. घाबरायचं नाही." पण औषध आदल्या दिवशीच लावलेलं होतं, आणि थरथर सुरू झाल्यावरही बाईंनी रात्रभर वाट पाहिली. मला रात्री त्रास कशाला, म्हणून! सोमवारी दुपारी मखमल गेली.

मी त्यांना विचारलं, की हे औषध आलं कुठून. त्यांनी फोन पुढे केला. पिसवांचं पान. वर आपल्या दवाखान्याचं नाव, बाजूला गळ्यात स्टेथोस्कोप घातलेला माझा फोटो, आणि त्याच्या बरोब्बर खाली ती जाहिरात. "तुझ्या फोटोखाली आहे," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तूच पाठवतेस."

खारू, मखमल अजून टेबलावर होती, तिच्यावर चादरसुद्धा घातली नव्हती. आणि मी काय म्हणाले असेन? "बाई, ते माझं नाही. ते खारूने लावलंय. मला विचारलंसुद्धा नाही त्याने."

विचार करून नाही म्हणाले. तोंडातून निघालंच. पण निघाल्यावर मागेही घेतलं नाही. त्यानंतर त्यांच्याकडे फिरकलेसुद्धा नाही आणि तुला ते गुळमुळीत पत्र लिहिलं. तुला वाटेल मला कांद्याची गोष्ट आठवत नव्हती. आठवत होती. तू 'नीट विचार कर' म्हणालास तेही.

तुझं पत्र आलं आणि तू माझ्यासाठी खोटं बोललास हे वाचलं, तेव्हा मात्र बसवेना. दवाखान्याला कुलूप लावून गेले बाईंकडे.

दार उघडलं, पण 'ये' म्हणाल्या नाहीत. मी उंबऱ्यातच उभी राहून म्हणाले, "बाई, खारूने मला विचारलं होतं. मी हो म्हटलं होतं."

त्यांनी विचारलं, "मग तो फोनवर खोटं का बोलला?"

"माझ्यासाठी."

"आणि तू?"

"मीही माझ्यासाठीच."

मग त्यांनी मला आत घेतलं. चहा नाही, पाणी नाही. खिडकीपाशी मखमलची उशी तशीच होती, केसांसकट. बाई खुर्चीत बसल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "मांजर म्हातारं झालंच होतं. आज ना उद्या गेलं असतं. पण मी तिच्या अंगावर हात ठेवून उभी होते, आणि तू नाव शोधत होतीस. कोणाचं घ्यावं ते."

मी म्हणाले, "चूक माझी आहे, बाई. सगळी."

तर त्या चिडल्या. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना चिडलेलं पाहिलं. "सगळी कशी तुझी? तो म्हणतो माझी, तू म्हणतेस माझी. थेंब कोणी घातले? बाटलीवर कुत्र्याचं चित्र होतं. ते दिसलं होतं मला. मनात आलंही, की तुला फोन करून विचारावं. मग वाटलं, तिनेच तर दिलंय. आता विचारलं तर म्हणेल, म्हातारीचा माझ्यावर विश्वास नाही."

खारू, त्या वाक्यापुढे माझं काही चालत नाही. दिवसभरात कितीतरी कुत्री-मांजरं तपासते, लोकांशी बोलते, आणि मधेच ते वाक्य कानात वाजतं. माझ्यावर विश्वास होता म्हणून विचारलं नाही. नसता, तर मखमल जगली असती.

निघताना मी विचारलं, "मी काय करू?" म्हणाल्या, "जिथे ती जाहिरात होती, तिथेच लिही. काय झालं ते. माझं नाव नको. तुझं घाल." आणि तुझ्यासाठी निरोप दिला: "खारूला म्हणावं, दुसऱ्याचं चुकलेलं गणित आपल्या वहीत उतरवून घेतलं तर कोणी मार्क देत नाही." हे म्हणताना चेहरा कडक होता, पण तुझं नाव घेताना आवाज थोडा हलला. तू फोन करत राहा. उचलतील असं नाही. तरी कर.

मी लिहिलं. फार वेळ लागला, कारण दर वेळी वाक्य माझ्या बाजूने वळत होतं. 'दुर्दैवाने', 'अनवधानाने', 'तांत्रिक कारणाने'. शेवटी सगळं खोडून साधं ठेवलं: या पानावर आम्ही जाहिरात येऊ दिली होती, ती आमची शिफारस समजून एका मांजराला औषध लावलं गेलं, मांजर गेलं. हे औषध मांजराला लावू नका. कोणी लावलं असेल, किंवा घरात बाटली असेल, तर मला फोन करा. खाली माझं नाव. तू शिकवलं होतंस तसं मीच ते साइटवर चढवलं. तू पाहिलंच असशील.

आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतेस." मग चष्मा काढून, पुसून म्हणाली, "पण निदान पाय तुझाच आहे." माझ्याबरोबर शिकलेल्या एका डॉक्टरचा फोन आला. तो म्हणाला, "वेड लागलंय का? कोणी विचारलं होतं तुला?" दोन-तीन नेहमीची माणसं आपली जनावरं घेऊन दुसरीकडे जायला लागली आहेत. जाऊ देत.

पण फोन येतायत. एका मुलीकडे न फोडलेली बाटली होती आणि घरात दोन मांजरं. ती रडायलाच लागली. मला वाटलं, चला, एक तरी वाचलं. आणि मग काल एका माणसाचा फोन आला. त्याचं मांजर उन्हाळ्याच्या सुरुवातीलाच गेलं. तेच थेंब, आपल्याच पानावरून मागवलेले. त्याला वाटलं होतं काहीतरी विषारी खाल्लं असेल. शेजाऱ्याने घातलं म्हणून शेजाऱ्याशी भांडला, अजून बोलत नाही त्याच्याशी. मला विचारत होता, "मग ते त्यानेच गेलं का हो?"

मी म्हणाले, "बहुतेक त्यानेच."

तो म्हणाला, "बरं झालं सांगितलंत. धन्यवाद, डॉक्टर."

धन्यवाद म्हणाला, खारू. आणखी किती असतील, ज्यांनी फोनच केला नाही, ज्यांना कळलंच नाही?

आता एक काम कर. मला मी ओळखते. आज मन खंबीर आहे. पण आणखी चार माणसं दवाखाना सोडून गेली, की मीच तुला फोन करीन आणि म्हणेन, पुरे झालं, काढ तो मजकूर. गोड बोलेन, आईची शपथ घालीन, मोठी बहीण म्हणून दरडावीन. तू काढू नकोस. साइटचा पासवर्ड बदल, आणि मला सांगू नकोस.

तुझी,
ताई